ऋतुशूल आणि सुंठ
'आर्द्रक' म्हणजे ओले, त्यापासून 'आले'. 'सुंठ' ही 'शुण्ठी', आणि धातुपाठात त्या धातूचा अर्थ शोषणे. हा भेद केवळ नावाचा नव्हे : वाळताना जिंजेरॉलचा काही अंश शोगाओल बनतो. ऋतुकाळी गर्भाशयात प्रोस्टाग्लँडिने वाढून कळा येतात. त्यांच्या निर्मितीस ही द्रव्ये अडथळा करतात, असे प्रयोगशाळेत दिसले आहे.

माणसांवरील पुरावा मात्र तोकडा आहे. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या इराणमधील चाचणीत १५० विद्यार्थिनींचे तीन गट होते. सुंठचूर्ण, मेफेनॅमिक आम्ल व आयब्युप्रोफेन यांनी सारखाच आराम पडला. परंतु निरौषध गोळीचा गट नव्हता. आणि या कळा दोनतीन दिवसांत आपोआपही ओसरतात! २०१६ च्या कॉक्रेन समीक्षेनेही आल्याविषयीचा पुरावा अत्यल्प ठरविला. चाचणीतील मात्रा दिवसाकाठी १ ग्रॅम. घरच्या काढ्यात सुंठ चिमटीनेच मोजतात.