बर्फाचा पंचनामा

अमेरिकेतील कोलोराडो राज्यात, लव्हलँड पास या घाटानजीक शीप क्रीकच्या खोऱ्यात, २० एप्रिल २०१३ रोजी हिमस्खलनात पाच जणांचा अंत झाला, तेव्हा १९६२ साली ट्विन लेक्स येथे सात माणसे दगावल्यानंतरचा त्या राज्यातील हा सर्वांत भीषण प्रसंग होय, असे वृत्तपत्रांनी नमूद केले. आणि ते यथार्थच होते. मृतांची संख्या, तारीख, ठिकाण यांत बातमीदार सहसा चुकत नाहीत. गफलत होते ती कारणाच्या रकान्यात. तेथे निसर्गाचा कोप होतो, आणि माणूस केवळ योगायोगाने त्या जागी उभा असतो.

वास्तविक, निगराणीखालचे उतार सोडून मोकळ्या डोंगरांत स्कीवर हिंडणारे जे लोक अशा रीतीने प्राणास मुकतात, त्यांच्या बाबतीत सुमारे नव्वद टक्के प्रसंगी बर्फ सुटतो तो त्यांच्या अथवा सोबत्यांच्याच भाराने. हिवाळ्यारंभीच्या उथळ बर्फाचे जमिनीलगत साखरेसारखे सुटे कण होतात, पुढची वादळे त्यांवर घट्ट थर रचतात, आणि तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारावर हा डोलारा ढळण्यास एका माणसाचे वजन पुरते. (मोठ्या आवाजाने बर्फ कोसळतो, ही चित्रपटांनी पोसलेली समजूत निराधार आहे.)

राज्याच्या हिमस्खलन माहिती केंद्राने चौकशीअंती प्रसिद्ध केलेला अहवाल वाचला म्हणजे शीप क्रीकची हकीकत निराळीच दिसू लागते. मृत पाच आणि बचावलेला एक अशा त्या गटातील सहाही जणांना धोक्याच्या इशाऱ्याची माहिती होती. ते परस्परांत अंतर राखून, सुरक्षित वाटणाऱ्या झाडीच्या रोखाने, उताराच्या पायथ्याकडून चालले होते. तेथेच त्यांच्या पायाखालचा दुबळा थर खचला, ती खचण वर धावत गेली, आणि माथ्याकडचा बर्फ तुटून त्यांच्यावर आला. गाडल्या गेलेल्या माणसाच्या जगण्याची आशा पहिल्या पंधरा मिनिटांनंतर झपाट्याने मावळत असल्यामुळे त्याचा खरा त्राता दूरवरून येणारे बचाव पथक नसून संकेतयंत्र, सळई आणि फावडे बाळगणारा सोबतीच असतो. येथे मात्र सहाही जण एकाच वेळी सापडल्याने उकरावयास कोणी उरलेच नाही. अर्धवट गाडला गेलेला एकटा बचावला, तोही कित्येक तासांनी.

पंचनामा होण्यापूर्वीच्या बातमीकडून या तपशिलाची अपेक्षा करणे अन्यायाचे होईल. मला अधिक खटकते ती मृतांना बेपर्वा ठरवणारी मागाहूनची टीकाटिप्पणी. त्यांच्यापाशी साधने होती, इशाऱ्याची जाणीव होती, वाटेचा विचारही झाला होता; चुकला तो अंतराचा हिशेब, कारण दोघांमध्ये राखलेली जागा त्या उताराच्या विस्तारापुढे फारच तोकडी होती.