गर्दीतल्या माणसाचा रोज

वाईला पाहुणे आले की आम्ही त्यांना आधी ढोल्या गणपतीला नेतो आणि मग थोडी छाती फुगवून इकडे कोणकोणत्या चित्रपटांचं शूटिंग झालं ते सांगतो. ‘गंगाजल’ (२००३), ‘स्वदेस’ (२००४), ‘ओंकारा’ (२००६), ‘दबंग’ (२०१०). यादी नीट पाहिली तर एक गंमत आहे. या चारही गोष्टी बिहारात किंवा उत्तर प्रदेशात घडतात. म्हणजे गळ्यात गमछा टाकून मागे उभा असलेला ‘बिहारी’ गावकरी प्रत्यक्षात वाईजवळच्या मेणवलीचा, धोमचा नाहीतर बावधनचा असण्याची दाट शक्यता.

शूटिंगच्या गाड्या आल्या की टपरीवर एकच विषय असतो: “एक्स्ट्रात घेतात म्हणे!” एक्स्ट्रा हा जुना शब्द. धंद्यात आता ज्युनियर आर्टिस्ट म्हणतात किंवा सरळ ‘क्राउड’. “उद्या दोनशेचा क्राउड आहे,” असा निरोप येतो, जणू दोनशे खुर्च्या हव्यात. मी स्वतः एकदा या दोनशेंतला एक होतो. त्या दिवसाने आणि नंतरच्या चौकशीने माझे बरेच समज धुऊन निघाले.

“दिसायला बरा असेल तरच घेतात”

उलट आहे. क्राउडमध्ये देखणा माणूस अडचणीचाच, कारण बघणाऱ्याची नजर नायकावरून ढळते. तिथे हवा असतो जागेला शोभणारा चेहरा. बाजार असेल तर भाजीवाली भाजीवालीसारखी दिसली पाहिजे, आणि कोर्टाबाहेर पक्षकार म्हणून तासन्‌तास ताटकळलेला माणूस खरोखर ताटकळल्यासारखा. त्यामुळे पांढरी दाढी, रापलेली कातडी, वाढलेलं पोट या सगळ्याला मागणी आहे. ज्यांना लग्नाच्या फोटोत कडेला उभं करतात, त्यांना इथे आधी बोलावतात.

आपल्या सिनेमाची सुरुवातच अशी साध्या माणसाला कॅमेऱ्यासमोर उभं करून झाली आहे. ‘राजा हरिश्चंद्र’च्या (१९१३) वेळी तारामतीच्या भूमिकेसाठी बाई मिळेना, तेव्हा दादासाहेब फाळक्यांनी ग्रँट रोडवरच्या एका हॉटेलात काम करणाऱ्या साळुंके नावाच्या तरुणाला साडी नेसवून उभं केलं.

चेहऱ्यापेक्षा महत्त्वाचं आहे ते कंटिन्युइटी सांभाळणं. आज दाढी असलेला माणूस उद्या गुळगुळीत करून आला तर तो प्रसंगाच्या दृष्टीने मेला. दोन दिवसांचं काम सांगितलं असेल तर मधल्या रात्री न्हाव्याकडे जायचं नाही, केसांना मेंदी लावायची नाही. स्वतःचे कपडे आणायला सांगितले तर दोन-तीन जोड न्यावेत. पांढरेशुभ्र, बारीक रेघांचे किंवा छातीवर कंपनीचं नाव असलेले कपडे सहसा परत पाठवतात. बारीक रेघा कॅमेऱ्यात थरथरतात.

“मुंबईला गेल्याशिवाय आणि कार्ड काढल्याशिवाय काम मिळत नाही”

यात अर्धं खरं आहे आणि फसवणूक त्या अर्ध्या खऱ्यावरच उभी राहते.

मुंबईत ज्युनियर आर्टिस्टची संघटना आहे, बायकांसाठी महिला कलाकार संघ आहे, आणि अशा अनेक संघटनांचा मिळून एक महासंघ आहे. गोरेगावच्या दादासाहेब फाळके चित्रनगरीत वर्षानुवर्षं काम करणारे लोक या संघटनांचे सभासद असतात. त्यांच्यासाठी ते पोट भरण्याचं साधन आहे आणि भांडून मिळवलेल्या दरांचा, शिफ्टच्या तासांचा आधारही. पण कार्ड नसेल तर कॅमेऱ्यासमोर उभंच राहता येत नाही, असा कायदा नाही. २०१७ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने, निर्मात्यांनी फक्त सभासदच घ्यावेत अशी सक्ती करू नका, असं अशा संघटनांना बजावलंही आहे.

शिवाय मुंबईहून दोनशे माणसं आणायची म्हणजे चार-पाच बसगाड्या, त्यांचं डिझेल आणि रात्रीचा मुक्काम. म्हणून युनिट बाहेर पडलं की गर्दी तिथेच गोळा करतात. कोल्हापूरजवळच्या वसगड्यात ‘तुझ्यात जीव रंगला’ ही मालिका चित्रित झाली, २०२१च्या कोविडकाळात कित्येक मराठी मालिका गोव्याला हलल्या. युनिट जाईल तिथे गर्दी लागते.

मग बातमी आधी कुणाला लागते? ज्याच्या लॉजवर चाळीस खोल्या एकदम बुक होतात त्याला. जनरेटरवाल्याला, मंडपवाल्याला, जेवणाचं कंत्राट मिळालेल्याला. ग्रामपंचायतीला आणि पोलीस ठाण्याला, कारण परवानगीचे कागद तिथे येतात. आणि लाइन प्रोड्यूसरच्या स्थानिक माणसाला. जवळजवळ प्रत्येक शूटिंगच्या गावात असा एक माणूस असतो, जो वाडा मिळवून देतो, बैलगाडी मिळवून देतो आणि माणसंही. त्याच्याकडे आपला साधा, हसरा नसलेला एक फोटो, वय, उंची आणि फोन नंबर असला की झालं. कॉलेजच्या एकांकिका करणाऱ्या पोरांकडेही हे निरोप लवकर पोचतात.

या सगळ्यात कुठेही आपण पैसे द्यायचे नसतात. कुणी रजिस्ट्रेशन फी मागतो, कुणी आर्टिस्ट कार्डाचे, कुणी ‘पोर्टफोलिओ आमच्याच फोटोग्राफरकडून काढा’ म्हणतो. आमच्या ओळखीतल्या एका मुलीने मोठ्या निर्मितीसंस्थेचं चिन्ह असलेल्या मेसेजवर भुलून पैसे भरले. शूटिंगची तारीख तीनदा पुढे गेली आणि मग नंबरच बंद झाला. चिन्ह काय, कुणीही चिकटवतं. शेतात खुरपायला जाणारी बाई मालकाला आधी पैसे देत नाही, तोच हिशेब इथे. फसलात तर वेळ न दवडता १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करावा; जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे अडवण्याची शक्यता जास्त.

“नुसतं उभं राहायचं, वर फुकट जेवण”

माझा दिवस सांगतो. कॉल टाइम पहाटे साडेपाचचा. सहाला पोहे, सातला धोतर आणि मळवलेली बंडी. मळवलेली म्हणजे आधीच चहाच्या पाण्यात बुडवून जुनी केलेली. त्यानंतर साडेअकरापर्यंत आम्ही एका झाडाखाली बसून होतो. कॅमेरा अजून दुसरीकडे होता. कुणाला ते विचारायची सोय नाही, कारण ज्या सहायक दिग्दर्शकाला विचारावं त्यालाही नक्की माहीत नसतं.

अकरा पस्तीसला एकदम धावपळ. मला मिळालं ‘पासिंग’, म्हणजे कलाकार बोलत असताना त्यांच्या मागून इकडून तिकडे जायचं. खांद्यावर पितळी घागर. मी रिकामीच उचलली, तर तो पोरगेला सहायक म्हणाला, “काका, रिकामी घागर चालण्यात कळते हो. अर्धी भरून घ्या.” बरोबर होतं त्याचं. फक्त ती अर्धी घागर मी चौदा वेळा नेली. पुढे बोलणारा नट एकदा वाक्य विसरला, एकदा विमान गेलं, एकदा माझ्या मागचा माणूस कॅमेऱ्याकडे पाहून हसला. बाकीच्या वेळी काय चुकलं ते मला आजतागायत कळलेलं नाही. दरवेळी त्याच दगडावरून, त्याच शब्दाला पाऊल टाकायचं आणि मग पुन्हा “पहिल्या जागेवर!”

अवघड भाग आणखी वेगळा आहे. बाजार दाखवायचा, पण आवाज करायचा नाही. ओठ हलवायचे, हातवारे करायचे, भाव करायचा, सगळं मुक्याने. आवाज नंतर भरतात. दोनशे माणसं जीव तोडून भांडताहेत आणि ऐकू येतोय फक्त नदीचा आवाज, हे पाहण्यासारखं दृश्य असतं. मोबाइल काढून फोटो घेतलात तर त्याच दिवशी घरी. पाणी, टोपी, रोजची औषधं आणि बसायला एखादं फडकं आपलं आपण न्यावं. जेवण मात्र खरंच चांगलं होतं, तेवढं कबूल करतो.

“पैसे ठरलेले असतात, विचारायचं काय?”

विचारायचंच. निर्मितीसंस्था एका कोऑर्डिनेटरला माणशी रक्कम देते, तो तालुक्यातल्या एजंटला सांगतो, एजंट गावातल्या कुणाला तरी. प्रत्येक हाताला थोडं थोडं चिकटतं. समजा वरून माणशी आठशे निघाले, तरी खाली पाचशेही उरू शकतात, आणि दोन्ही आकडे माहीत असणारा माणूस एकच असतो. म्हणून जायच्या आधी फोनवर सरळ विचारावं: हातात किती? त्याच दिवशी की नंतर? शिफ्ट किती तासांची, वर थांबावं लागलं तर काय? शूटिंग रद्द झालं आणि आम्ही येऊन बसलो असू तर काय? उत्तर मेसेजमध्ये मागून घ्यावं. संध्याकाळी नाव लिहिलेल्या यादीवर सही करताना आकडा भरलेला आहे का ते बघावं. कोऱ्या रकान्यापुढे सही करू नये.

एखादं वाक्य बोलायला सांगितलं तर काम बदललं, मग पैशांचं बोलणंही पुन्हा व्हायला हवं. ते कॅमेरा सुरू होण्याआधी करायचं.

बायकांनी आणखी दोन गोष्टी आधीच पक्क्या कराव्यात: कपडे बदलायला बंद जागा आहे का, आणि रात्री पॅकअप झालं तर घरापर्यंत गाडी आहे का. लैंगिक छळाविरुद्धचा २०१३चा कायदा शूटिंगच्या जागेलाही लागू आहे, एका दिवसाच्या कामालाही. संस्थेत तक्रार समिती नसेल किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्धच असेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते.

“पोराला नेलं की आणखी एक रोज सुटतो”

इथे मात्र जपून. मुलाला गर्दीत उभं करणं ही आईबापांच्या मर्जीपुरती गोष्ट नाही. बालकामगार कायद्याखालच्या २०१७च्या नियमांनुसार ज्या जिल्ह्यात चित्रीकरण आहे तिथल्या जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी निर्मात्याने घ्यावी लागते. मुलाचं काम दिवसात पाच तासांपेक्षा जास्त नको आणि सलग तीन तासांपेक्षा जास्त नको. पाच मुलांमागे एक जबाबदार माणूस हवा. मिळकतीतले किमान वीस टक्के मुलाच्या नावाने राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत जायला हवेत, ते त्याला सज्ञान झाल्यावर मिळतात. “एक दिवस शाळा बुडाली तर काय होतंय” म्हणणाऱ्या एजंटला परवानगीचा कागद दाखवायला सांगा. बहुतेक वेळा विषय तिथेच संपतो.

“इथूनच पुढे हिरो होतात”

अकलूजची रिंकू राजगुरू ‘सैराट’मध्ये (२०१६) आली हे खरं. पण तिला भूमिकेसाठी निवडलं होतं, गर्दीतून उचललेलं नव्हतं. ‘कोर्ट’मध्ये (२०१४) कधी कॅमेऱ्यासमोर न आलेली कितीतरी माणसं आहेत, तीही भूमिकेसाठी पारखून घेतलेली. ऑडिशनची रांग निराळी, क्राउडची निराळी. दोन्हींत उभं राहायला हरकत नाही, पण एकीत उभं राहून दुसरीचा नंबर लागत नाही.

“आता गर्दी कॉम्प्युटरच करतो”

मोठ्या गर्दीपुरतं खरं आहे. ‘ग्लॅडिएटर’च्या (२०००) रिंगणाभोवतीचे बहुतेक प्रेक्षक संगणकाने भरले होते. पण नटाच्या खांद्यामागून दहा फुटांवर जो माणूस घागर घेऊन जातो, त्याला अजून तरी खराखुरा माणूस लागतो. धोका आहे तो वेगळाच. २०२३ मध्ये अमेरिकेतले नट ११८ दिवस संपावर गेले, त्यात एक भांडण याचंच होतं की क्राउडमधल्या माणसाचं शरीर एकदा स्कॅन करून ते पुन्हा पुन्हा वापरायचं का, आणि त्याचे पैसे कुणाला. कुणी तुम्हाला गोल कॅमेऱ्यांच्या मध्ये उभं करून सगळ्या बाजूंनी टिपत असेल, तर तो कशासाठी हे विचारा.

“पडद्यावर तर दिसणारच”

३१ जानेवारी १९८१ रोजी दिल्लीत ‘गांधी’ चित्रपटातल्या अंत्ययात्रेसाठी सुमारे तीन लाख माणसं जमली होती, त्यांतली बहुतेक बिनपैशाची. चित्रपटात तो प्रसंग जेमतेम दोन मिनिटांचा आहे.

माझा चित्रपट आला तेव्हा आम्ही घरचे सात जण साताऱ्याला जाऊन पाहिला. नदीच्या घाटावरचा तो आमचा प्रसंग आला, नटाने ते वाक्य या वेळी न विसरता म्हटलं, आणि मागून डावीकडून उजवीकडे एक पितळी घागर गेली. कॅमेरा जरा खाली होता. घागरीच्या वर चित्र संपत होतं. बायको म्हणाली, “पाणी हललं बघा.”