उष्ट्याखरकट्यातील ऊर्जा

१ सप्टेंबर २०१७ रोजी दिल्लीतील गाझीपूर येथे कचऱ्याच्या डोंगराचा एक भाग ढासळला आणि दोन माणसे प्राणास मुकली. अशा डोंगरांत आपल्या स्वयंपाकघरांतील व भाजीबाजारांतील कचऱ्याचा वाटा फार मोठा असतो. ढिगाखाली दडपलेले अन्न हवेअभावी कुजते आणि त्यातून मिथेन वायू बाहेर पडतो. हा वायू ज्वालाग्राही तर आहेच. शिवाय शंभर वर्षांच्या हिशेबाने वातावरण तापविण्याची त्याची शक्ती कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट आहे. परंतु हीच क्रिया बंद टाकीत घडवून आणली, तर तोच वायू इंधन म्हणून आपल्या हाती येतो.

या टाकीला पोटाची उपमा शोभेल. तिच्यातील सूक्ष्मजीवांचा एक वर्ग अन्नाचे विघटन करून आम्ले तयार करतो. दुसरा वर्ग त्यांपासून मिथेन निर्माण करतो. गोबर वायूची संयंत्रे याच तत्त्वावर चालतात. मात्र शेणातील सहज पचणारा अंश जनावराने आधीच घेतलेला असतो. उष्ट्या भातात किंवा नासक्या फळात तो शिल्लक असतो. म्हणूनच तेवढ्याच वजनाच्या शेणापेक्षा अन्नापासून कितीतरी अधिक वायू मिळतो.

हैदराबाद येथील भारतीय रासायनिक तंत्रज्ञान संस्थेने विकसित केलेल्या तंत्रावर बोवेनपल्लीच्या भाजीबाजारात असे संयंत्र उभारण्यात आले. २०२१ साली तेथे दररोज सुमारे १० टन कचऱ्यापासून ५०० युनिट वीज आणि ३० किलो इंधनवायू मिळत होता. विजेवर बाजारातील दिवे लागत आणि वायूवर तेथील उपाहारगृहाची चूल पेटे.

तथापि, पोटाप्रमाणेच टाकीलाही पथ्य सांभाळावे लागते. एकाच वेळी फार अन्न घातल्यास आम्ले वाढतात व मिथेन निर्माण करणारे, मंद गतीने वाढणारे सूक्ष्मजीव निष्क्रिय होतात. प्लास्टिक, काच, वाळू आत गेल्यास नळ्या तुंबतात आणि यंत्रे झिजतात. बाजारात कचरा मुळातच एकजिनसी असतो. घरोघरच्या कचऱ्याचे तसे नाही. एकदा मिसळलेला कचरा वेगळा करणे खर्चाचे आणि हाताने निवडणाऱ्यांच्या जिवाला धोक्याचे असते.

तात्पर्य, या ऊर्जेचे पहिले यंत्र कारखान्यात नसून आपल्या स्वयंपाकघरात आहे. ओल्या कचऱ्याची वेगळी बादली, हेच ते यंत्र होय.