ताम्हिणीचा पाऊस लोहगावात कसा पडला?

पुण्यात पाषाणच्या ‘आयआयटीएम’ या हवामान संशोधन संस्थेत तयार झालेली ‘भारत फोरकास्ट सिस्टिम’ 26 मे 2025 रोजी सुरू झाली आणि हवामान अंदाजाचा चौकोन 12 किलोमीटरवरून 6 किलोमीटरवर आला. कौतुक झालं ते ही प्रणाली चालवणाऱ्या ‘अर्का’ महासंगणकाचं. मला मात्र त्या चौकोनाचं मोल जास्त वाटतं. बाजू निम्मी झाली की एकाच्या जागी चार चौकोन बसतात, आणि घाटमाथ्यावरून पूर्वेकडे येताना पाऊस झपाट्यानं कमी होणाऱ्या पुण्याला त्याची गरज मोठी आहे.

अशा चौकोनांच्या जाळीचं सर्वांत साधं रूप अकरावीची मुलं पायथनमध्ये शिकतात: यादीच्या पोटात यादी, म्हणजे नेस्टेड लिस्ट. खऱ्या मॉडेलची जाळी पृथ्वीच्या गोलाईशी जुळवलेली आणि कितीतरी गुंतागुंतीची असते, पण ओळ आणि रकाना यांची समज इथूनच येते. मग वर्गात ‘ए, बी, सी’ची उदाहरणं कशाला? आपलाच पाऊस घ्या. पायथन 3 मध्ये चलाचं नाव मराठीतही चालतं, हे अनेक शिक्षकसुद्धा वापरून पाहत नाहीत.

पाऊस = [[90, 120, 75], [14, 22, 9], [3, 8, 0]]

आतली एकेक यादी एकेका ठिकाणाची: ताम्हिणी, पाषाण, लोहगाव. आकडे तीन दिवसांचे, मिलिमीटरमध्ये, उदाहरणापुरते. मोजणी शून्यापासून, म्हणून पाऊस[0][1] म्हणजे ताम्हिणीचा दुसरा दिवस, 120. नुसतं पाऊस[2] लिहिलं तर लोहगावची अख्खी यादी हाती येते.

इथवर सगळं सरळ. मुलं अडकतात ती कोरा तक्ता आखताना, कारण हा आखूड मार्ग मोह घालतो:

पाऊस = [[0] * 3] * 3

दिसायला तीन ओळी, नऊ शून्यं. आता पाऊस[0][1] = 120 अशी ताम्हिणीची नोंद करा आणि तक्ता छापून पाहा:

[[0, 120, 0], [0, 120, 0], [0, 120, 0]]

लोहगावातही 120! पायथनने तीन याद्या केल्याच नाहीत; एकच यादी तीनदा दाखवली. एकीत लिहिलं की तिन्हीकडे उमटतं, आणि चूक झाल्याचा संदेशही येत नाही. उपाय म्हणजे प्रत्येक ओळ स्वतंत्र घडवणं:

पाऊस = [[0] * 3, [0] * 3, [0] * 3]

ठिकाणं शंभर असतील तर हेच काम फॉर लूपकडे सोपवायचं, पण प्रत्येक फेरीत नवी यादी जन्माला आली पाहिजे. परीक्षेत हा प्रश्न ‘आउटपुट लिहा’ म्हणून येतो आणि मुलं उत्तर पाठ करतात. ते पाठ करून घेण्याऐवजी फळ्यावर एक चौकट आणि तिच्याकडे जाणारे तीन बाण काढून दाखवावेत.

नोंदीच्या बाबतीतही हाच काटेकोरपणा हवा. पाषाणचं पर्जन्यमापक मंगळवारी बंद होतं म्हणून तो आकडा गाळला, तर बुधवारचा पाऊस मंगळवारच्या जागी सरकतो. शून्य भरलं, तर पाऊस पडलाच नाही अशी खोटी नोंद होते. पायथनमध्ये अशा जागेसाठी ‘नन’ (None) हे वेगळं मूल्य आहे. तिथे तेच लिहायचं आणि बेरीज करताना ते वगळायचं.