उपप्रश्न विचारणारा माणूस

गोराईला जायचं तर बोरिवलीच्या जेट्टीवरून फेरीबोट धरावी लागते, नाहीतर भाईंदर-उत्तनवरून मोठा वळसा घ्यावा लागतो. मुंबई महानगरपालिकेच्या हद्दीत असूनही खाडीने शहरापासून तोडलेलं हे गाव. वस्ती कोळ्यांची, ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांची. मतं थोडी, जमीन मात्र समुद्रकाठची आणि मोकळी. म्हणून सरकारदरबारी गोराईचा विचार जमीन म्हणून वारंवार झाला, गाव म्हणून क्वचित. खाडीच्या बोरिवलीकडच्या काठावर १९७२ पासून शहराचा कचरा पडू लागला आणि ते डम्पिंग ग्राउंड बंद व्हायला २००७ साल उजाडलं. त्याच सुमारास गोराई-मनोरी-उत्तन पट्ट्यावर विशेष आर्थिक क्षेत्राचा प्रस्ताव आला. गावकऱ्यांनी धारावी बेट बचाव समिती उभी करून तो हाणून पाडला. पुढे याच पट्ट्यासाठी एमएमआरडीएचा करमणूक आणि पर्यटनाचा आराखडा आला, त्यालाही गावांनी हरकत घेतली. यातली कोणतीही योजना एका पक्षाच्या डोक्यातून आलेली नाही. सरकारं बदलली तरी नकाशावरची मोकळी जागा सगळ्यांना सारखीच दिसते. गोराईसारख्या गावाच्या दृष्टीने सत्तेवर कोण बसलं आहे यापेक्षा सत्तेवर बसलेल्याला अडवून जाब विचारण्याचा हक्क कोणाकडे आहे, हा प्रश्न जास्त महत्त्वाचा ठरतो. विरोधी पक्षनेत्याच्या पदाकडे मी या बाजूने पाहतो, आणि महाराष्ट्रात ते पद रिकामं राहू देणं मला गंभीर वाटतं.

जाब विचारण्याचं हे काम नेमकं कसं चालतं, ते जवळून पाहण्यासारखं आहे. समजा, गोराईच्या पाणीपुरवठ्यावर विधानसभेत तारांकित प्रश्न लागला. प्रश्न ठरलेल्या साच्यातच छापला जातो: अमुक गावात पाणी अपुरे येते, हे खरे आहे काय, असल्यास, शासनाने चौकशी केली आहे काय, नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत. उत्तराचाही साचा ठरलेला. ‘हे अंशतः खरे आहे’, ‘कार्यवाही सुरू आहे’ आणि शेवटी ‘प्रश्न उद्भवत नाही’. खात्यातल्या अधिकाऱ्यांनी हे शब्द इतके घासूनपुसून लिहिलेले असतात की त्यातून काही हाती लागत नाही. खरी झटापट त्यानंतरच्या उपप्रश्नांत होते. ‘अंशतः’ म्हणजे किती? कार्यवाही कोणत्या तारखेला सुरू झाली, आणि मंत्रिमहोदय ती किती दिवसांत पुरी करणार? उपप्रश्न किती घ्यायचे हे अध्यक्षांच्या हातात असतं, प्रश्नोत्तराचा तास पळत असतो आणि मागच्या बाकावरचा आमदार हात वर करून करून थकतो. विरोधी पक्षनेता उभा राहिला की त्याला बोलू देण्याची प्रथा आहे. कॅबिनेट मंत्र्याचा दर्जा आहे, म्हणून कार्यालय आहे, कागद वाचणारी माणसं आहेत. मागच्या अधिवेशनात दिलेलं आश्वासन मंत्री विसरले असले, तरी ते काढून पुढे ठेवण्याची सोय त्याच्यापाशी असते. एखाद्या गावाचा प्रश्न अंतिम आठवडा प्रस्तावात घालून सरकारला तपशीलवार उत्तर द्यायला लावणं, हेही त्यालाच सर्वात चांगलं जमतं. टीव्हीवर आपल्याला दिसतो तो सभात्याग आणि विधानभवनाच्या पायऱ्यांवरच्या घोषणा. हे चिवट, कंटाळवाणं काम कॅमेऱ्यात येत नाही.

नोव्हेंबर २०२४ च्या निवडणुकीत विरोधकांतला सर्वात मोठा पक्ष ठरला शिवसेना (उद्धव बाळासाहेब ठाकरे), २० जागांचा. सभागृह २८८ चं, त्याचा दहावा हिस्सा २९. तेवढं बळ कोणाकडेच नाही म्हणून पद अडलं आणि २०२५ ची अर्थसंकल्पी, पावसाळी, हिवाळी अशी तिन्ही अधिवेशनं विधानसभेत विरोधी पक्षनेत्याविना उरकली. ऑगस्टमध्ये अंबादास दानवे यांची मुदत संपल्यावर विधान परिषदेतलं पदही रिकामं झालं. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात दोन्ही सभागृहांत त्या खुर्चीवर कोणी नव्हतं.

दहा टक्क्यांचा हा दंडक आला कुठून? लोकसभेचे पहिले अध्यक्ष दादासाहेब मावळंकर यांनी संसदीय पक्ष म्हणून मान्यता कोणाला द्यायची यासाठी गणसंख्येइतक्या, म्हणजे एक दशांश, सदस्यांची अट घातली. ती सभागृह चालवण्याच्या सोयीची होती. पुढे १९७७ साली केंद्रात विरोधी पक्षनेत्याच्या वेतनाचा कायदा झाला. त्या वेळी लोकसभेत त्या जागेवर यशवंतराव चव्हाण होते. १९७८ मध्ये महाराष्ट्राने आपला कायदा केला. दोन्ही कायद्यांची व्याख्या सारखीच आहे: सरकारच्या विरोधातला, सर्वाधिक संख्याबळाचा पक्ष, त्याचा नेता, आणि त्याला अध्यक्षांची मान्यता. टक्केवारी कशातच नाही. दिल्लीत २०१५ साली भाजपचे ७० पैकी फक्त ३ आमदार होते, तरी विजेंद्र गुप्ता यांना अध्यक्षांनी मान्यता दिली.

आणि दिल्लीचा दाखला शोधायची तरी काय गरज? आपल्याच विधानसभेचा इतिहास पुरे आहे. १९६२ साली शेतकरी कामगार पक्षाचे १५ आमदार निवडून आले आणि कृष्णराव धुळप विरोधी पक्षनेते झाले. १९७२ मध्ये काँग्रेसची २२२ जागांची लाट होती, शेकापचे अवघे ७ आमदार आले, तरी दि. बा. पाटील त्या पदावर बसले. १९८६ च्या अखेरीस शरद पवार काँग्रेसमध्ये परतले तेव्हा विरोधी बाकांवर मोठा पक्ष उरलाच नाही. पण त्यानंतरच्या काळात जनता पक्षाचे निहाल अहमद आणि मृणाल गोरे, तसंच शेकापचे दत्ता पाटील यांनी ते पद सांभाळलं. १९८५ च्या निवडणुकीत जनता पक्षाला २० आणि शेकापला १३ जागा मिळाल्या होत्या. वीस जागांवर तेव्हा जे पद मिळालं, ते आज वीस जागांवर का मिळू नये? मृणालताईंचं नाव उत्तर मुंबईसाठी तर घरचंच. गोरेगावात पाण्यासाठी लढून त्या ‘पाणीवाली बाई’ झाल्या आणि १९७७ मध्ये उत्तर मुंबईतूनच लोकसभेवर गेल्या. त्याच मतदारसंघाचे राम नाईक १९९५-९६ मध्ये विरोधी बाकांवरचे खासदार म्हणून संसदेच्या लोकलेखा समितीचे अध्यक्ष होते. सरकारचा खर्च तपासणाऱ्या या समितीचं अध्यक्षपद विरोधकांकडे देण्याचा प्रघात १९६७ पासूनचा. बळ कमी असलं तरी अधिकार द्यायचा, ही रीत या मातीला नवी नाही.

यावर पहिला आक्षेप असा की लोकांनीच विरोधकांना नाकारलं, मग मागच्या दाराने मान कशासाठी? पण लोकांनी २० आमदारांना निवडून दिलंच आहे. सरकार कोणाचं हे मतमोजणीने ठरतं. सरकारला विचारणा व्हावी की नाही, हा कौल कोणी मागितलेला नसतो. उलट बहुमत जितकं मोठं तितकी विचारणा जास्त लागते, कारण सत्ताधारी बाकांवरचा आमदार पक्षादेशाने बांधलेला असतो. स्वतःच्या गावची योजना पटली नाही तरी तो मंत्र्याच्या दालनात जाऊन बोलेल, सभागृहात नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: प्रश्न तर कोणताही आमदार विचारू शकतो. खरं आहे. गर्भलिंग निदानाविरुद्धचं विधेयक मृणालताईंनी १९८६ साली साध्या सदस्य म्हणूनच आणलं होतं, आणि १९८८ मध्ये सरकारला स्वतःचा कायदा करावा लागला, देशातला पहिला. पण त्यांच्यामागे बाहेर महिला संघटनांची चळवळ उभी होती, आणि अशी माणसं पिढीत एखादीच निघतात. व्यवस्था उभी करायची असते ती बेताच्या कुवतीच्या माणसाकडूनही काम व्हावं म्हणून.

तिसरा आक्षेप मला स्वतःला सर्वात जास्त बोचतो. हे पद सत्तेत जाण्याची पायरी झालं आहे. एकनाथ शिंदे २०१४ मध्ये जेमतेम महिनाभर विरोधी पक्षनेते होते, मग मंत्री झाले. राधाकृष्ण विखे पाटील २०१९ मध्ये राजीनामा देऊन भाजपमध्ये गेले आणि मंत्री झाले. अजित पवार २ जुलै २०२३ रोजी विरोधी पक्षनेत्याच्या खुर्चीवरून उठून उपमुख्यमंत्री झाले. महापालिकेत तऱ्हा वेगळी. २०१७ मध्ये ८२ नगरसेवकांच्या भाजपने पहारेकरी व्हायचं ठरवून पद नाकारलं आणि ते काँग्रेसच्या रवी राजा यांच्याकडे गेलं. शिवसेनेशी युती तुटल्यावर भाजपने ते मागितलं आणि २०२० मध्ये उच्च न्यायालयात हार पत्करली. हे सारं मान्य करूनही खुर्ची काढून टाकणं हा त्यावरचा इलाज होत नाही. पक्षांतरावर कायदा कडक करा, पद सोडून लगेच मंत्री होण्यावर बंदी घाला. खुर्चीच नसेल तर ती कोणी सोडली, हे विचारायलाही जागा उरत नाही.

रिकाम्या खुर्चीची झळ सभागृहाबाहेरही लागते. लोकायुक्त नेमताना विरोधी पक्षनेत्याचा सल्ला घ्यायचा असतो, राज्य मानवी हक्क आयोगाच्या निवड समितीत तो असतो, राज्य माहिती आयुक्तांच्या निवडीतही असतो. आपल्या जमिनीवर कोणता आराखडा शिजतो आहे हे गोराईच्या माणसाला माहिती अधिकारात विचारायचं झालं, तर त्याचं शेवटचं अपील ज्या आयुक्तापुढे जातं त्याची ही निवड. माहिती अधिकाराचा २००५ चा कायदा करणाऱ्यांनी ही अडचण आधीच ओळखली होती. विरोधी पक्षनेत्याला मान्यता मिळालेली नसेल तर विरोधातल्या सर्वात मोठ्या गटाचा नेता हाच विरोधी पक्षनेता समजावा, असं स्पष्टीकरण त्यांनी कलम १५ मध्येच घालून ठेवलं. महाराष्ट्राच्या १९७८ च्या कायद्यात ते नाही. तिथे अध्यक्षांच्या मान्यतेला मुदत नाही, म्हणून नकार न देताही निर्णय वर्षभर लांबवता येतो. तेच स्पष्टीकरण आणि अधिवेशन सुरू झाल्यापासून पंधरा दिवसांची मुदत, एवढ्याच दुरुस्तीचं विधेयक पुरेल. अशासकीय कामकाजाच्या दिवशी ते कोणत्याही बाकावरच्या आमदाराला मांडता येईल, सत्ताधारी पक्षातल्यालासुद्धा.