मालिका संपली, धडधड थांबेना

रात्री साडेदहा म्हणजे लालबागच्या चाळीत जेवणे आटोपून टीव्हीसमोर बसण्याची वेळ. याच वेळेला झी मराठीवर लागणारी ‘देवमाणूस’ ही मालिका ऑगस्ट २०२१ मध्ये संपली. वाई येथे २०१६ साली उघडकीस आलेल्या हत्यांवर ती बेतलेली होती. किरण गायकवाड यांनी रंगवलेल्या बोगस डॉक्टरला अखेर शिक्षा होताना पाहायची, म्हणून वर्षभर वाट पाहिलेल्या अनेकांना शेवट अर्धवट वाटला आणि ते चिडले. डिसेंबरमध्ये दुसरे पर्व आले.

गोष्ट खोटी आहे हे मनाला कळते, शरीराला मात्र लगेच कळत नाही. धक्कादायक प्रसंग पाहताना अ‍ॅड्रेनलिन वाढते, नाडी जलद होते, रक्तदाब चढतो. बहुतेकांचे हे थोड्या वेळात निवळते. पण संताप डोक्यात घोळत राहिला तर झोप लांबते.

अशा वेळी घरच्या यंत्रावर रक्तदाब जास्त दिसला, तर घाबरून जादा गोळी घेऊ नये. पाच मिनिटे शांत बसून पुन्हा मोजावा. आकडे वारंवार जास्त येत असतील तर डॉक्टरांना दाखवावे.

मात्र छातीत दडपण, डाव्या हाताला किंवा जबड्याला कळ, दरदरून घाम किंवा धाप लागली, तर ‘मालिकेमुळे झाले असेल’ म्हणून सकाळची वाट पाहू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. पुढचा भाग नंतरही पाहता येतो.