लेमन तुरीचे पैसे कुठे जातात?
लेखमाला : निर्बंध आणि राजकारण – भाग ६

नागपूरच्या इतवारीत किंवा कळमन्याच्या बाजारात डाळीचा व्यापार करणाऱ्याला ‘लेमन’ एवढे म्हटले तरी पुरते. लेमन म्हणजे म्यानमारहून आलेली तूर. ती जहाजाने चेन्नई किंवा न्हावा शेवा बंदरात उतरते, डाळ मिलमध्ये भरडली जाते आणि पुढे देशी तुरीच्या शेजारी विकली जाते. म्यानमारमध्ये तुरीचे वरण कुणी फारसे खात नाही. तिथला शेतकरी तूर पिकवतो ती मुख्यतः भारतासाठी.

जून २०२१ मध्ये भारताने या व्यापाराला पाच वर्षांची हमी दिली. दरवर्षी अडीच लाख टन उडीद आणि एक लाख टन तूर खासगी व्यापारातून म्यानमारकडून आणण्याचा तो समझोता होता. त्याआधी पाचच महिन्यांपूर्वी, १ फेब्रुवारी २०२१ रोजी, जनरल मिन आँग ह्लाइंग यांच्या लष्कराने म्यानमारमधील निवडून आलेले सरकार उलथवून आँग सान स्यू की यांना अटक केली होती. अमेरिका, युरोपीय संघ, ब्रिटन आणि कॅनडा एकामागून एक निर्बंध जाहीर करत असतानाच आपल्याकडे डाळीचे कागद तयार होत होते.

मागील भागात हैतीचे उदाहरण पाहिले. सरसकट बंदीने तिथल्या गरिबांचे हाल झाले, सेनापती मात्र बराच काळ टिकून राहिले. म्यानमारची गोष्ट अधिक लांब आहे आणि तिच्यात भारत हा बघ्या नाही, पात्र आहे.

सुरुवात १९८८ची. त्या वर्षीच्या ८ ऑगस्टला रंगूनमध्ये विद्यार्थी, कामगार आणि भिक्षू रस्त्यावर उतरले. लष्कराने गोळीबार केला आणि सप्टेंबरमध्ये सत्ता थेट हातात घेतली. भारताने तेव्हा लोकशाहीवाद्यांना उघड पाठिंबा दिला, सीमा ओलांडून आलेल्या विद्यार्थ्यांना आसरा दिला. त्या वेळचे परराष्ट्रमंत्री होते पी. व्ही. नरसिंह राव, नागपूर जिल्ह्यातील रामटेकचे खासदार. १९९०च्या निवडणुकीत स्यू की यांच्या पक्षाने ४८५पैकी ३९२ जागा जिंकल्या, पण लष्कराने संसद भरूच दिली नाही.

पुढे हेच राव पंतप्रधान झाले आणि धोरण फिरले. मार्च १९९३ मध्ये परराष्ट्र सचिव जे. एन. दीक्षित रंगूनला गेले आणि जानेवारी १९९४ मध्ये सीमाव्यापाराचा करार झाला. कारणे खोटी नव्हती. १६४३ किलोमीटरची सरहद्द, तिच्या पलीकडे ईशान्येतील बंडखोरांचे तळ आणि रंगूनमध्ये वाढत चाललेला चीनचा शिरकाव, या सगळ्याचा विचार दिल्लीला करावा लागत होता. पण या वळणाचा हिशेबही मांडला पाहिजे. ओएनजीसी विदेश आणि गेल या आपल्या सरकारी कंपन्यांनी म्यानमारच्या श्वे वायुक्षेत्रात भागीदारी घेतली. २०१३पासून तिथला वायू मुख्यतः पाइपलाइनने चीनच्या युनान प्रांतात जातो. लष्कराशी जुळवून घेतले की चीन मागे हटेल, हे गणित जुळले नाही.

पाश्चात्त्य देशांनी याच काळात उलटी वाट धरली. अमेरिकेने १९९७ मध्ये नव्या गुंतवणुकीवर आणि २००३ मध्ये म्यानमारच्या सर्व मालाच्या आयातीवर बंदी घातली. आयातबंदीचा पहिला घाव तयार कपड्यांच्या कारखान्यांवर बसला आणि हजारो कामगार, त्यांतल्या बहुसंख्य तरुण मुली, बेकार झाल्या. सेनापतींची खरी कमाई मात्र वायूची होती. यादाना क्षेत्रातला वायू थायलंडला जात राहिला आणि त्यातील जुन्या फ्रेंच-अमेरिकी भागीदारीला नव्या गुंतवणुकीवरची बंदी लागू झाली नाही. ज्या दारातून गरिबाची मजुरी यायची ते बंद, आणि ज्या दारातून सत्तेचा पैसा यायचा ते उघडे, अशी ही व्यवस्था होती.

तरीही ती अगदीच निष्फळ होती, असे म्हणता येणार नाही. २०११नंतर थेन सेन सरकारने राजबंदी सोडले आणि वृत्तपत्रांवरील पूर्वतपासणी उठवली. एप्रिल २०१२च्या पोटनिवडणुकीत स्यू की यांच्या पक्षाने ४४ जागा लढवून ४३ जिंकल्या. लष्कराला चीनवरचे अवलंबित्व कमी करायचे होते, त्यासाठी पश्चिमेची बाजारपेठ हवी होती आणि निर्बंध उठवून घेणे ही तिची किंमत होती. लोकशाहीवाद्यांच्या हाती एवढे तरी नाणे होते.

ते नाणे खर्च झाले घाईने. युरोपने २०१३ मध्ये शस्त्रबंदी वगळता सगळे निर्बंध उठवले. अमेरिकेने ऑक्टोबर २०१६ मध्ये आर्थिक निर्बंधांची चौकटच मोडीत काढली. २००८च्या राज्यघटनेने लष्कराला संसदेत २५ टक्के जागा दिल्या होत्या आणि घटनादुरुस्तीसाठी ७५ टक्क्यांहून अधिक मते लागत होती. म्हणजे लष्कराचा नकाराधिकार कायम होता. लष्कराचे एमईएचएल आणि एमईसी हे दोन प्रचंड उद्योगसमूहही जागेवर होते. अमेरिकेच्या निर्णयानंतर पुढच्याच वर्षी सात लाखांहून अधिक रोहिंग्यांना देशाबाहेर पळावे लागले, आणि २०२१ मध्ये लष्कराने उरलेला पडदाही फाडला.

या खेपेचे निर्बंध अधिक नेमके आहेत. अमेरिकेने आपल्याकडे असलेला म्यानमार सरकारचा सुमारे १ अब्ज डॉलरचा निधी लष्कराच्या हाती पडू दिला नाही. मार्च २०२१ मध्ये एमईएचएल आणि एमईसी यादीत आले. युरोपने फेब्रुवारी २०२२ मध्ये सरकारी तेल-वायू कंपनीला हात घातला. जून २०२३ मध्ये अमेरिकेने परकीय चलन हाताळणाऱ्या दोन सरकारी बँकांवर आणि ऑगस्टमध्ये विमानांच्या इंधनावर बंधने आणली. गावांवर बॉम्ब टाकणारी विमाने इंधनाशिवाय उडत नाहीत, हे त्यामागचे सरळ तर्कशास्त्र.

याचा परिणाम झाला का? संयुक्त राष्ट्रांचे विशेष प्रतिवेदक टॉम अँड्रूज यांनी मे २०२३ मध्ये हिशेब मांडला. सत्ताबदलानंतर लष्कराने किमान १ अब्ज डॉलरची शस्त्रे आणि शस्त्रनिर्मितीचा माल बाहेरून मिळवला होता. त्यात रशियाचा वाटा ४० कोटी ६० लाख डॉलर, चीनचा २६ कोटी ७० लाख आणि सिंगापूरमधील कंपन्यांचा २५ कोटी ४० लाख होता. सिंगापूर सरकारने चौकशी सुरू केली आणि वर्षभरात तिथून जाणारा माल ११ कोटी डॉलरवरून जेमतेम १ कोटीवर आला. एका छोट्या देशाने मनावर घेतले आणि एवढा फरक पडला. त्याच वर्षात थायलंडमार्गे होणारी खरेदी ६ कोटींवरून १२ कोटींवर गेली, हेही खरे. एक खिडकी बंद झाली की लष्कर दुसरी शोधते. म्हणून शेजाऱ्यांनी एकत्र येणे महत्त्वाचे.

त्याच हिशेबात भारताच्या नावावर ५ कोटी १० लाख डॉलर आहेत, आणि पुरवठादारांत सरकारी मालकीच्या कंपन्याही आहेत. म्यानमारकडे जाणारा शस्त्रांचा ओघ थांबवावा, असे आवाहन करणारा ठराव जून २०२१ मध्ये आमसभेत ११९ मतांनी संमत झाला. ३६ देश तटस्थ राहिले, त्यांत भारत होता. याच भारताने १९४६ मध्ये वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडला, तेव्हा आपल्या निर्यातीतला सुमारे ५ टक्के हिस्सा त्या देशाकडे जात होता. तो तोटा सोसून आपण जगाला वाट दाखवली होती.

मग तूरही थांबवावी का? नाही. सगाइंग, मॅग्वे आणि मंडाले हा म्यानमारचा कडधान्यांचा पट्टा. त्यातले सगाइंग आणि मॅग्वे लष्कराविरुद्धच्या प्रतिकाराचे बालेकिल्ले आहेत. तूर बंद केली तर फटका नेमका त्याच शेतकऱ्यांना बसेल. खुल्या आयातीमुळे आपल्या तुरीचा भाव पडतो, ही विदर्भातील शेतकऱ्याची तक्रार रास्त आहे, पण तिचे उत्तर आयातशुल्कात आणि हमीभावाने होणाऱ्या खरेदीत शोधायला हवे. निर्बंधांचा प्रश्न वेगळा आहे, आणि तो डाळीचे पैसे कोणत्या वाटेने जातात हा आहे.

एप्रिल २०२२ मध्ये म्यानमारच्या मध्यवर्ती बँकेने आदेश काढला की, आलेले परकीय चलन एका कामकाजाच्या दिवसात क्याटमध्ये बदलून घ्यावे. निर्यातदारांसाठी हे प्रमाण पुढे टप्प्याटप्प्याने कमी झाले. ऑगस्ट २०२२पासून सरकारी दर डॉलरला २१०० क्याट होता, खुल्या बाजारात मात्र डॉलर त्याहून कितीतरी महाग मिळत होता. निर्यातदाराचे जेवढे डॉलर सरकारी दराने गेले, तेवढा हा फरक म्हणजे छुपा करच होता. तो शेवटी तूर पिकवणाऱ्याच्या भावातून निघतो आणि लष्करी राजवटीला स्वस्तात डॉलर मिळतात. दोन बँकांवर निर्बंध आल्यानंतर, २०२४च्या सुरुवातीला, पंजाब नॅशनल बँकेतील विशेष खात्यातून रुपया-क्याट व्यवहार सुरू झाले. आपल्या आयातदारांची अडचण दूर झाली. त्याबरोबर डॉलरच्या निर्बंधांना वळसा घालण्याची सोयही झाली. या खात्यातील रुपयांतून लष्करासाठी काय विकत घेता येणार नाही, हे ठरवणे दिल्लीच्या हातात आहे.

निर्बंध कसे असावेत, याचा एक जुना नमुना नागपूरकरांच्या परिचयातल्या परंपरेत आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी ज्यांनी नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना धम्मदीक्षा दिली, ते महास्थविर चंद्रमणी मूळचे ब्रह्मदेशातील आराकानचे. विनयपिटकात वड्ढ लिच्छवीची कथा येते. त्याने एका भिक्षूवर खोटा आरोप केला, तेव्हा संघाने त्याच्याकडून भिक्षा न घेण्याचा, म्हणजे भिक्षापात्र पालथे घालण्याचा निर्णय केला. त्याने चूक कबूल केल्यावर पात्र पुन्हा सुलटे केले. सप्टेंबर २००७ मध्ये पखोक्कू येथे सैनिकांनी भिक्षूंना मारहाण केली, तेव्हा भिक्षूंनी माफीसाठी १७ तारखेची मुदत दिली. माफी आली नाही. दुसऱ्या दिवसापासून लष्करी कुटुंबांचे दान नाकारून हजारो भिक्षू रस्त्यावर उतरले. दोष कोणाचा, शिक्षा कोणाला आणि ती कशाने संपेल, या तिन्ही गोष्टी त्यात आधीच स्पष्ट होत्या. पाश्चात्त्य निर्बंधांत यातले काहीतरी प्रत्येक वेळी राहून गेले.

मार्च २०२३ मध्ये स्यू की यांचा पक्ष बरखास्त करण्यात आला आणि त्याला वगळून डिसेंबर २०२५पासून टप्प्याटप्प्याने निवडणूक उरकण्यात आली. अमेरिकेने तर जुलै २०२५ मध्येच लष्कराच्या काही सहकाऱ्यांवरील निर्बंध काढले होते. अशा वेळी भारताची जबाबदारी वाढते. तूर येऊ द्यावी. शस्त्रे, त्यांचे सुटे भाग आणि विमानांचे इंधन यांचा पुरवठा पूर्ण थांबवावा. राजबंद्यांची सुटका, हवाई हल्ले बंद करणे आणि सर्व पक्षांना खुली निवडणूक या अटी जाहीरपणे मांडाव्यात, आणि त्या पुऱ्या होईपर्यंत मागे हटू नये. रामटेकने आणि नागपूरने आज संसदेत पाठवलेल्या खासदारांना वाचकांनी हा प्रश्न विचारावा : म्यानमारला होणाऱ्या शस्त्रनिर्यातीचा तपशील सरकार संसदेसमोर कधी ठेवणार?

(पुढील भागात : दक्षिण आफ्रिका – बँकांनी कर्ज नाकारले तेव्हा)